बारा टक्के

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चपला काढून त्या स्टुलावर गुडघे टेकून बसा. टाचा बघू." कोलेस्टेरॉल दाखवायला आलेल्या बाईच्या टाचा कशाला बघायच्या, मला कळेना. टाचेच्या मागून पोटरीकडे जी दोरी जाते ती त्यांनी चिमटीत धरली आणि वरून खाली दाबत नेली. आधी डावी, मग उजवी. उजव्या पायाला एका जागी त्यांची बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली.

"इथे जाड लागतंय. दुखतं का?"

नव्हतं दुखत. मला तर तिथे काही आहे हेच माहीत नव्हतं.

"घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक?"

बाबांना. मे १९९७. त्रेचाळीस वर्षांचे होते, मी बारा वर्षांची. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले होते. आमच्या ठाण्यातल्या चरईच्या घरात उंबऱ्याशी बसून बूट घालत होते, दुसऱ्या बुटाची नाडी बांधायची राहिली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"त्यांच्या हातापायांवर गाठी होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "होत्या की. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर होत्या. लोकलचा दांडा धरून धरून घट्टे पडलेत असं म्हणायचे. आणि टाचेला मागे. ते बुटाचं होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "डोळ्यांतल्या काळ्या बुबुळाभोवती पांढरट कड पण होती गं. का विचारतेस?"

फोन स्पीकरवर होता. डॉक्टरांनी ऐकलं आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या. पंचवीस वर्षं आम्ही ज्याला लोकलचा दांडा आणि कंपनीचे बूट समजत होतो, ते कोलेस्टेरॉल होतं. कातडीखाली, दोऱ्यांमध्ये साठलेलं, सगळ्यांना दिसणारं.

हे ऑक्टोबर २०२२ मधलं. बँकेच्या वार्षिक तपासणीत माझं एकूण कोलेस्टेरॉल ३४२ आलं होतं. ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल ४८, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी १२०, आणि ज्याला वाईट म्हणतात ते एलडीएल २७०. तेव्हा मी सदतीस वर्षांची, वजन चौपन्न किलो. तपासणी शिबिरातल्या डॉक्टरांनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि 'तेलकट कमी करा' लिहून पुढच्या माणसाला बोलावलं. खरं तर तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवरही जवळपास हाच आकडा आणि हाच शेरा होता. बारीक माणसाला कोलेस्टेरॉल नसतं असं मीही मानत होते, म्हणून तो कागद फायलीत गेला होता. या वेळी नवऱ्याने ऐकलं नाही, नौपाड्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन आला.

थायरॉइड, साखर, मूत्रपिंड, यकृत सगळं तपासून झालं, कारण यांच्यामुळेही एलडीएल चढतं. सगळं ठीक निघालं. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं: फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. आनुवंशिक कोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे माणसांत एकाला असतं आणि बहुतेकांना ते कळतच नाही. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या वर आणि घरात कमी वयात हृदयविकार, एवढं दिसलं तरी शंका घ्यावी असं ते म्हणाले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे हे असलं, तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

"तुम्ही ठाण्याच्या ना? मग असं समजा," ते म्हणाले. "रक्तातलं एलडीएल म्हणजे प्लॅटफॉर्मवरची गर्दी. यकृत म्हणजे लोकल. यकृताच्या पेशींना दारं असतात, त्यांतून एलडीएल आत ओढलं जातं आणि प्लॅटफॉर्म मोकळा होतो. तुमच्या लोकलची निम्मी दारं जन्मापासून बंद आहेत. गर्दी तेवढीच, गाडी वेळेवर, पण लोक आत जाऊ शकत नाहीत." ही दारं म्हणजे एलडीएल रिसेप्टर. अमेरिकेतल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ती शोधून काढली आणि त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी सुरुवातच केली ती या आजाराच्या अतितीव्र रूपापासून, ज्या मुलांना आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली जनुकं आलेली असतात त्यांच्यापासून. हे मी नंतर वाचलं. वाचताना सारखं एकच मनात येत होतं की बाबा गेले तेव्हा हे सगळं जगाला माहीत होतं, फक्त चरईपर्यंत पोचलं नव्हतं.

गोळी लगेच सुरू करायची होती. मी हात जोडले. म्हटलं, आधी मला खाण्यावर करून बघू द्या. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट या हृदयाच्या तिन्ही तपासण्या चांगल्या आल्या होत्या. बरीच चर्चा झाल्यावर डॉक्टर नाखुशीनेच म्हणाले, "आठ आठवडे. मनापासून करा, मोजून करा. नवव्या आठवड्यात रक्त तपासू आणि मग गोळीवर वाद घालायचा नाही." ही सवलत सगळ्यांना मिळत नाही आणि मागूही नये. छातीत दुखत असेल किंवा आधी काही होऊन गेलं असेल तर अजिबातच नाही.

मला वाटत होतं, आठ आठवड्यांत आकडा नॉर्मलला आणून दाखवीन.

पहिल्या आठवड्यात काहीच बदललं नाही, फक्त लिहून काढलं. स्वयंपाकघरात वजनकाटा आणला आणि जे घरात येतं, शिजतं, ताटात पडतं ते वहीत उतरवलं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं की शत्रू तेल नाही, शत्रू संपृक्त चरबी, म्हणजे तुपासारखी गार झाली की गोठणारी. ती जास्त झाली की उरलेली दारंही मंदावतात. माझ्यासारखीने दिवसाला पंधरा ग्रॅमच्या आत राहावं. मी तेव्हा शेंगदाणा तेलाच्या पाच लिटरच्या डब्याकडेच रागाने बघत होते. चार माणसांत तो महिन्यात संपायचा, ते जास्त होतंच. पण वही भरल्यावर दिसलं ते वेगळंच.

माझं माहेर नारळाचं आणि सासर तुपाचं. माहेर ठाण्यातलं सीकेपी, सासर साताऱ्याकडचं. आमच्या ओट्यावर दोन्ही गावं सुखाने नांदत होती.

तुपाचं आधी सांगते, कारण ते सगळ्यांत कठीण गेलं. आमच्याकडे म्हशीचं दूध. सासूबाई रोज रात्री गार दुधावरची जाड साय अलगद उचलून स्टीलच्या गोल डब्यात भरायच्या, त्यात विरजण, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. आठ-दहा दिवसांनी डबा भरला की रवीने घुसळायचं, लोण्याचा गोळा थंड पाण्यात तीनदा धुवायचा, मग मंद आचेवर कढवायचा. शेवटी त्यात एक विड्याचं पान टाकायच्या. पान कुरकुरीत झालं की तूप झालं. तळाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून मुलांना चमचा-चमचा. त्या दिवशी जिन्यातच वास यायचा आणि धाकटी दप्तर न काढता स्वयंपाकघरात शिरायची.

आणि वहीत लिहिलं होतं: एक छोटा चमचा तूप, पाच ग्रॅम, त्यात संपृक्त चरबी तीन ग्रॅम. माझे रोजचे चमचे वरणभातावर एक, पोळीवर एक, सकाळी शिऱ्यात किंवा उपम्यावर एक. नऊ ग्रॅम तिथेच. चहाच्या आणि रात्रीच्या दुधाची मलई वेगळी. फुल क्रीम दुधात सहा टक्के चरबी असते, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. हे पिशवीवर छापलेलं असतं, मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

"घरचं तूप आहे गं, डेअरीचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "साजूक तुपाने काय होतंय? आमचे आजोबा वाटीने प्यायचे." त्यांचे आजोबा ब्याण्णव वर्षं जगले, हे खरंच आहे. त्यांच्या यकृताची सगळी दारं उघडी होती. ज्याची सगळी दारं उघडी आहेत त्याने एक चमचा तूप खाल्लं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण आजकाल जो उठतो तो सांगतो की तुपाने कोलेस्टेरॉल वाढत नाही, उलट कमी होतं. हे आनुवंशिक आजार असलेल्या माणसाच्या कानावर पडतं आणि तो निर्धास्त होतो. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

मी सासूबाईंशी वाद घातला नाही. त्यांना बाबांचा फोटो दाखवला आणि माझ्या टाचेवर त्यांचा हात ठेवला. त्यांनी ती जाड जागा चाचपली. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला म्हशीचं निम्मं कमी करायला त्यांनीच सांगितलं. मुलांपुरतं आणि त्यांच्यापुरतं तूप अजून होतं, पण महिन्यातून एकदा. माझ्या वरणावर आता लसणाची आणि जिऱ्याची तेलातली फोडणी असते, अर्धा चमचा.

आता नारळ. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅममागे तेहतीसच्या आसपास चरबी आणि त्यातली तीस तरी संपृक्त. जांभळी नाक्यावरून आणलेला एक मध्यम नारळ खवून मी काट्यावर ठेवला, दोनशे ग्रॅम भरला. म्हणजे साठ ग्रॅम. आमच्या पद्धतीच्या बिरड्याला किंवा कोलंबीच्या कालवणाला एक नारळ सहज जातो. चार माणसांत वाटला की माझ्या वाट्याला पंधरा. पूर्ण दिवसाचा हिशेब एका वाटीत संपला, आणि वर पोहे, कोशिंबीर, आमटी, भाजी, जिथे तिथे भुरभुरलेलं खोबरं वेगळंच.

यातला खरा चटका असा की बिरडं ज्याचं करतात तो वाल या आजाराला फार चांगला. कडधान्यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. मग यकृताला नवं पित्त करायला कोलेस्टेरॉल लागतं, ते ते रक्तातून ओढतं. म्हणजे वाल आकडा उतरवणार आणि त्याच वाटीतला नारळ चढवणार.

बिरडं सोडणं मला शक्यच नव्हतं. मोड आलेला वाल कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, साल बोटांत राहते आणि पिवळसर दाणा सुळकन पाण्यात पडतो. लहानपणी आई, मी आणि भाऊ परातीभोवती बसून हे करायचो. चार रविवार मी निरनिराळ्या तऱ्हेने बिरडं करून पाहिलं. नारळ पूर्ण काढला तेव्हा ते बिरडं राहिलं नाही, वालाची उसळ झाली. शेंगदाण्याचं कूट घातलं तेव्हा चव भलतीकडे गेली. शेवटी जमलं ते असं: कांदा उभा चिरून कोरड्या तव्यावर चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा, त्यात वीस ग्रॅम खोबरं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर, आणि शिजलेल्या वालातलेच मूठभर दाणे वाटून रस दाट करायचा. शेवटी कोकम आणि गुळाचा खडा. चार माणसांत वीस ग्रॅम खोबरं म्हणजे माणशी दीड ग्रॅम संपृक्त चरबी. भाऊ जेवायला आला होता, त्याला कळलं नाही. आईला पहिल्या घासाला कळलं.

बाकीचं भराभर सुटलं. संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी आणि बटर गेले. बेकरीच्या पदार्थांतली ट्रान्स फॅट २०२२ पासून दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम झाला आहे, पण पाम तेल आणि वनस्पती तूप आहेच, आणि पाम तेलात निम्मी चरबी संपृक्त. त्यामुळे दुकानातली शेव, चकली, वेफर्सही गेले. मटण महिन्यातून एकदा, चरबी काढून. अंड्याचा बलक आठवड्यातून दोनदा. कोलंबीला मी उगाच घाबरून होते. तिच्यात कोलेस्टेरॉल असतं पण संपृक्त चरबी फारच कमी, म्हणून आठवड्यातून एकदा चालते असं बाईंनी सांगितलं, नारळाच्या रसात नाही, तव्यावर परतून. बांगडा राहिला. बांगड्याने ट्रायग्लिसराइड उतरतात, एलडीएल नाही, तरी चरबीवाल्या मटणाच्या जागी बांगडा येणं चांगलंच.

नुसतं सोडून भागत नाही, जोडावंही लागतं. टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स, ज्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कोणतं खाणं रक्तातली साखर किती चढवतं हे मोजायची, कल्पना मांडली, त्यांनी कोलेस्टेरॉलसाठी असा आहार बांधला आहे: मूठभर बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, ओट्स, जव, इसबगोल, आणि वनस्पतींतले स्टेरॉल, जे आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट अडवतात. त्यात भाज्या म्हणून भेंडी आणि वांगं होतं हे वाचून मला बरं वाटलं. २००३ मध्ये त्यांनी लोकांना सगळं जेवण तयार करून दिलं तेव्हा एलडीएल अठ्ठावीस टक्क्यांनी उतरलं. २०११ मध्ये फक्त समजावून सांगून घरी करायला लावलं तेव्हा तेरा-चौदा टक्के. तो प्रयोग खास आनुवंशिक रुग्णांवरचा नव्हता, पण मला एक गोष्ट कळली की घरच्या स्वयंपाकघरात काय होऊ शकतं आणि काय नाही.

माझा दिवस मग असा बसला. सकाळी ओट्सचं थालीपीठ, कधी जवाच्या पिठाचं. अकराला बँकेत पंधरा-वीस बदाम. दुपारी ज्वारीची भाकरी, भेंडी किंवा वांगं, वाटीभर उसळ, ताक पण लोणी काढलेलं. चारला फळ. रात्री जेवणाआधी दोन चमचे इसबगोल मोठ्या पेल्यातल्या पाण्यात, तेही लगेच प्यायचं, नाहीतर खळ होते. पहिले दहा दिवस पोट फुगायचं. पाणी वाढवलं तेव्हा बसलं. लसणाच्या पाकळ्या उपाशीपोटी आणि दालचिनीचं पाणी हेही मी त्या आठ आठवड्यांच्या आधी महिनाभर करून पाहिलं होतं. आकड्यात काही फरक पडला नव्हता.

डिसेंबरच्या शेवटी रक्त दिलं. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी बँकेतून घरी चालत निघाले होते. २३७.

मी तलावपाळीच्या कठड्याशी थांबले. आठ आठवडे एकही चूक केली नव्हती. मुलाच्या वाढदिवसाचा केक मी कापला आणि चाखलाही नाही. आणि २७० चे २३७. तेहतीस अंक. मला नॉर्मल हवं होतं. मासुंदा तलावात त्या वेळी होड्या फिरत होत्या, दिवे लागले होते, आणि मला फक्त उंबऱ्यातला बाबांचा न बांधलेला बूट दिसत होता. बराच वेळ रडले.

डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट पाहून टेबलावर थाप मारली. "बारा टक्के! फार छान केलंत." मला वाटलं समजूत काढताहेत. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. आनुवंशिक कोलेस्टेरॉलमध्ये आहाराने दहा ते पंधरा टक्के उतरतं, त्याच्या वर फारसं जात नाही, कारण गर्दी खाण्याने झालेली नाही, दारांमुळे झालेली आहे. आणि मग ते जे म्हणाले ते मी घरोघरी जाऊन सांगायला तयार आहे. स्टॅटिनची गोळी, म्हणजे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करणारी, एलडीएल निम्मं करू शकते, पण तिचा डोस दुप्पट केला तर पुढे साधारण सहाच टक्के जास्त उतरतं. पुन्हा दुप्पट केला तर आणखी सहा. "म्हणजे तुमची भेंडी, वाल आणि बंद केलेलं तूप मिळून डोस दोनदा दुप्पट करण्याएवढं काम करताहेत. पण गोळीचं काम ते करणार नाहीत. आता गोळी."

त्या दिवशी आई माझ्याबरोबर आली होती. ती एवढा वेळ पिशवी मांडीवर धरून गप्प बसली होती. उठता उठता तिने विचारलं, "डॉक्टर, हिच्या बाबांना मी कमी खायला घातलं असतं तर?"

मला धस्स झालं. बाबा गेले तेव्हा भेटायला येणारे सगळे तेच म्हणत होते, खाण्याचे शौकीन होते हो. आईच्या हातचा खिमा, सोड्याची खिचडी, नारळाच्या दुधातली कोलंबी, सगळ्यांनी नावं घेऊन आठवली होती, प्रेमाने. तेव्हापासून आईने घरात खिमा शिजवला नाही. आम्ही समजत होतो बाबांची आठवण येते म्हणून. तिने पंचवीस वर्षं स्वतःला दोषी धरलं होतं आणि आम्हा दोघा भावंडांना त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली. "आई, तुमच्या मुलीने आठ आठवडे काटा लावून जेवण केलं. बारा टक्के उतरलं. तुमच्या यजमानांचा आकडा तेव्हा कोणी मोजलेला नाही, पण हिच्यासारखाच असणार. तुम्ही अगदी हिच्यासारखं रांधलं असतं तरी तो दोनशेच्या वरच राहिला असता. त्यांना औषध हवं होतं. स्टॅटिन जगात १९८७ मध्ये आलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, यात तुमच्या हाताचा काही दोष नाही."

आई खाली बघून ऐकत होती. रिक्षात बसल्यावर तिने माझा हात धरला तो पाचपाखाडी येईपर्यंत सोडला नाही.

गोळी सुरू झाली, रोसुवास्टॅटिन. पहिल्या महिन्यात पोटऱ्या दुखल्या. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली तर रक्तात वाढतं ते, तपासलं, ठीक होतं, दुखणं आपोआप गेलं. तीन महिन्यांत एलडीएल १२४. मग दुसरी गोळी जोडली, एझेटिमाइब, जी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते. ९९. डॉक्टरांना ७० च्या खाली हवं आहे, त्याचं बोलणं चालू आहे. इंजेक्शनं निघाली आहेत पण महाग आहेत.

स्टॅटिनची गोष्ट मी वाचली ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासून १९७० च्या दशकात पहिलं स्टॅटिन एका निळसर-हिरव्या बुरशीत शोधलं. २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले. ती बातमी वाचली त्या रात्री गोळी घेताना मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

मधे एकदा घसरले. आकडा शंभरच्या आत आला तेव्हा वाटलं, आता गोळी आहे ना. त्या वर्षीची दिवाळी फराळासकट झाली, ओल्या नारळाच्या करंज्या, साजूक तुपातले बेसनाचे लाडू, मग लग्नसराई. इसबगोलचा डबा मागे गेला. फेब्रुवारीत ११३ आलं. गोळ्या त्याच, एकही चुकलेली नाही. काटा पुन्हा ओट्यावर आला आणि तीन महिन्यांनी ९७. त्या चौदा-सोळा अंकांनी मला जे पटवलं ते कोणाच्या सांगण्याने पटलं नसतं.

भावाचं उलट झालं. त्याचं एलडीएल २५१ निघालं. तो रोज पहाटे उपवनला पळायला जातो, सिगारेट नाही, काही नाही. माझं खाणं त्याने जसंच्या तसं उचललं, माझ्याहून काटेकोर. पण गोळी नको. "ताई, आयुष्यभराची सवय लागते. मी पथ्याने आणतो ना खाली." आणलं, २२२ वर. तिथून दीड वर्ष तो आकडा हलला नाही. मी भांडले, रडले, बोलणं बंद केलं. वहिनीनेही सांगून पाहिलं. शेवटी आई त्याच्याकडे गेली. काय बोलली ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, डॉक्टरांचा नंबर पाठव. आता तो गोळी घेतो आणि पळतोही. गेल्या तपासणीत ११८.

मुलांचं रक्त आम्ही २०२३ मध्येच तपासलं होतं. मुलाचं ८८. धाकटीचं १९८. तेव्हा ती सात वर्षांची होती, सुई टोचताना हसत होती. लहान मुलांमध्ये १६० च्या वर आणि आईला हा आजार, म्हणजे दुसरं काही शोधायची गरज नव्हती. त्या रात्री मी आणि नवरा बोललो नाही, नुसते जागे होतो. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की वाढीचं वय आहे, तिचं खाणं माझ्यासारखं कापायचं नाही. पोटभर, सगळं, फक्त तूप, साय, बेकरी बेतात. आणि आठ ते दहाच्या दरम्यान गोळी. यंदा ती सुरू होणार आहे. बाबांना जे त्रेचाळीसपर्यंत मिळालं नाही ते तिला दहाव्या वर्षी मिळेल. मी हे स्वतःला रोज सांगते.

तिच्या डब्यात ओट्सचं थालीपीठ असतं हे तिला खटकतं. वर्गात सगळ्यांकडे नूडल्स असतात. परवा तिने विचारलं, "मी मोठी झाल्यावर करंजी खाऊ शकेन का?" मी म्हटलं, आताही एक खा, दिवाळीत खा, मोजून खा. तिला मोजून हा शब्द आवडत नाही.

गेल्या रविवारी आई आली होती. तिने खिमा केला. कमी चरबीचा, मीच आणलेला, भरपूर मटार घालून, आणि बाजूला बिरडं. खोबरं खवून झाल्यावर तिने ताटली काट्यावर ठेवली, चष्मा वर करून आकडा बघितला, चिमूटभर काढून पुन्हा किसणीवर टाकलं. वीस. मग हात धुऊन सोफ्यावर बसली, धाकटीचे पाय मांडीवर घेतले आणि खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण उघडलं. शाळेत खेळून पाय दुखतात म्हणून. तळव्यांना तेल लावून झालं, तशी तिची बोटं टाचेच्या मागच्या दोरीवर गेली. चिमटीत धरून वरून खाली, हळू. एकदा डावी, एकदा उजवी.

"गुदगुल्या होतात, आजी," धाकटी म्हणाली.

आईने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, काही लागत नाही.